कोरी समजलेली कॅसेट

अविनाश,

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. चार ओळींची झाली. नाव, वय, कुठल्या पदावरून निवृत्त, पश्चात मुलगी, जावई आणि नात. वयाचा आकडा मुग्धाला विचारून पक्का केला, कारण मला तू नेहमी एक वर्ष कमी सांगत आलास. फोटो तिने दिला तो कुणाच्या तरी लग्नातला होता. शेजारच्या माणसाचा खांदा कापावा लागला. दुसऱ्या दिवशी वार्ता आतल्या पानावर आली. वर पाणीकपातीची बातमी होती, खाली शिकवणी वर्गाची जाहिरात. तू ते पान हातात घेतलं असतंस तर आधी शाई पसरली आहे का ते बघितलं असतंस.

त्या चार ओळींत कॅसेटींचा उल्लेख नाही. निधनवार्तेत तसलं काही बसत नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे, आणि तुलाच लिहितो आहे, कारण आपला वाद अर्धवट राहिला आणि त्यानंतर एक माहिती हाती आली आहे. ती तुझ्याकडे नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सातपूर कॉलनीत तुमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. वर्तमानपत्रातली माझी ड्यूटी दुपारी सुरू व्हायची. सुटीच्या दिवशी सकाळी फरशीतून एक आवाज वर यायचा. आधी एकसुरी गुणगुण, मग पत्र्यावर कुणी घाव घालावेत तसं, ठरावीक अंतराने. पहिला महिना मी गप्प बसलो. मग खाली आलो. दार सुलभावहिनींनी उघडलं.

"वहिनी, तुमचा मिक्सर बिघडलाय का?"

"मिक्सर नाही हो. आमचे हे बिघडलेत," वहिनी म्हणाल्या. "आत बसलेत. या, तुम्हीच बघून घ्या."

तू टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसला होतास. माझं नावगाव न विचारता बोट वर केलंस. "थांबा. आता येईल."

"काय येईल?"

"ऐका तर."

त्या घरघरीखालून एका माणसाचा आवाज आला. गाणं म्हणावं तर सूर नव्हता, बोलणं म्हणावं तर श्वास गाण्याचा होता. "डेनिस," तू म्हणालास. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या कुणाची तरी ओळख करून द्यावी, तसा.

मग हळूहळू, बऱ्याच रविवारी मिळून, सगळी हकीकत कळली. कंपनीने तुला टेस्टिंगच्या मशिन शिकायला ओहायोत पाठवलं होतं. सरोवराकाठचं कारखान्यांचं गाव, त्यातले निम्मे कारखाने बंद पडत चाललेले. तू ज्या घरात खोली घेतलीस त्याच्या तळघरात चार पोरं हे वाजवायची. घरी बनवलेले सिंथेसायझर, पत्रे, ड्रिल मशिन, आणि टेपचा तुकडा कापून, त्याची दोन टोकं चिकटवून झाडूच्या दांड्याभोवती फिरत ठेवलेली माळ. त्यांच्या गटाला नावही नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रकावर नवं काहीतरी लिहायचे. रेकॉर्ड कधी निघाली नाही. कॅरल नावाची मुलगी वायरी जोडायची, डेनिस नाचता नाचता त्या तोडायचा आणि तू सोल्डरिंग करून द्यायचास. निघताना कॅरलने तुला पाच कॅसेटी दिल्या. तालमीच्या.

"पण यात तुला आवडलं काय?" मी एकदा विचारलं. तोवर आपण अरे-तुरेवर आलो होतो.

"पहिलाच हिवाळा होता," तू म्हणालास. "खोलीत पडून होतो. दिवसभर मशिनशी बोलायचं, संध्याकाळी कुणाशीच नाही. खालून आवाज आला आणि मला वाटलं, आपल्या कारखान्यातलं पत्रे ठोकायचं प्रेस शॉप सुरू झालं. फर्स्ट शिफ्ट. उठून खाली गेलो." मग म्हणालास, "तिथे यात सातपूर ऐकू यायचं. आता ते गाव ऐकू येतं."

हे मी बातमी करण्याच्या इराद्याने संपादकांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, ही बातमी संगीताची करायची की ध्वनिप्रदूषणाची? मी तुला ते सांगितलं तेव्हा तू रागावला नाहीस. "प्रश्न बरोबर आहे," म्हणालास. तेव्हापासून मला संपादक म्हणायला लागलास. मी शेवटपर्यंत उपसंपादक होतो, आणि तुला ते ठाऊक होतं.

वहिनींना त्या कॅसेटींचा त्रास होता असं मला कधी वाटलं नाही. त्यांना तो विषय टोमण्यांसाठी हवा असायचा. "भावोजी, छापा ना एकदा. अमेरिकेला जाऊन लोक डॉलर आणतात, आमच्याकडे गिरणीचा आवाज आला." कॉलनीत त्यांच्या उखाण्यांचं नाव होतं. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवा उखाणा, आणि त्यात तुझी कुठली खोड येणार याची बायका वाट बघायच्या. एरवी त्यांनी तुझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. तू त्यांच्यासाठी "हे" होतास आणि त्या तुझ्यासाठी "मुग्धाची आई".

अशाच एका संक्रांतीला मी ऑफिसात होतो. दुसऱ्या दिवशी तू जिन्यात भेटलास. चेहरा उतरलेला.

"पाचव्या कॅसेटवर उखाणे टेप झाले."

"टॅब तोडले नव्हतेस?" जपून ठेवायच्या कॅसेटच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन छोट्या चौकटी आपण सगळेच तोडून टाकायचो, म्हणजे तिच्यावर चुकून काही टेप होत नसे.

"तोडले होते. तिने भोकांवर चिकटपट्टी लावली."

"विचारलं नाही?"

"खात्री केली म्हणते. लावून ऐकली. नुसती घरघर होती. म्हणून तिला वाटलं, कोरीच आहे."

मी हसलो. तू हसला नाहीस. "तपासायची पद्धत बरोबर होती तिची," तू म्हणालास, आणि खाली निघून गेलास. त्यानंतर बरेच दिवस तुमच्या घरातून कुठलाच आवाज वर आला नाही, ना कॅसेटींचा, ना बोलण्याचा. मग एका सकाळी पुन्हा पत्र्यावरचे घाव सुरू झाले आणि वहिनींनी खालून हाक मारली, "भावोजी, गिरणी चालू झाली हो!" मी समजलो की मिटलं. तुमच्यात त्यावर काही बोलणं झालं का, हे मी विचारलं नाही. बहुधा झालं नसावं.

पुढे काही वर्षांनी वहिनी गेल्या. मुग्धा शाळेत होती. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. एवढंच नोंदवतो की तू पाचवी कॅसेट वहिनींच्या एका जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळलीस. कारखान्यातून आणलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या तिच्याभोवती ठेवल्यास आणि कपाट बंद केलंस. तुमच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग नव्हतं. वहिनींचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. तू ती कॅसेट लावली नाहीस. बाकीच्या चार लावायचास.

मग तू निवृत्त झालास, मुग्धा पुण्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, आणि तिने तुला ईमेलचा पत्ता काढून दिला. तिच्या लहानपणापासून तू तिला सांगत आलास ती नावं तिने एकदा सहज इंटरनेटवर शोधली. कॅरल तिथे होती. जुन्या तालमींची रेकॉर्डिंग कुणाकडे आहेत का, असं विचारत होती. तळघरात पाणी शिरून मूळ टेपा गेल्या होत्या. डेनिसही वारला होता. त्या गावातल्या त्या काळच्या वाजवणाऱ्यांचं न निघालेलं संगीत एक छोटी कंपनी आता काढणार होती, आणि यांच्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं.

तू कळवलंस की पाच कॅसेटी आहेत. शिस्तीप्रमाणे हेही कळवलंस की पाचवीचा मधला थोडा भाग खराब झाला आहे. तिचं उत्तर मुग्धाने वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो. डेनिस एकाच तुकड्यात गायला होता, आणि तो पाचवीवरच होता. कॅरलने लिहिलं होतं की जशी असेल तशी पाठवा, मला त्याचा आवाज आठवेनासा झाला आहे.

तू चष्मा काढून पुसलास. "हिलाही आठवत नाही," म्हणालास.

माझा सगळा जन्म दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेला. त्या "हिलाही"मधला "ही" माझ्या कानातून सुटला नाही.

अशोक स्तंभाजवळ बापूचा स्टुडिओ आहे, जागरण-गोंधळाच्या आणि भजनांच्या कॅसेटी भरतो तो. तिथे आपण गेलो. पहिली कॅसेट लावल्यावर बापूने दोनदा मशिनचं हेड पुसलं.

"साहेब, घरघर जात नाही."

"ती तशीच आहे."

"म्हणजे?"

"तेच गाणं आहे."

बापूने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग साहेब, आमच्या भजनांतून मी जे काढून टाकतो ते काय असतं?"

तू इतका हसलास की खुर्चीला धरावं लागलं. चार कॅसेटी सीडीवर नीट उतरल्या. पाचवी हातात घेऊन बापू मात्र गंभीर झाला. टेपवरचा थर सुटायला लागला होता, बोटाला तपकिरी भुकटी लागत होती. "एकदा वाजेल," तो म्हणाला. "पुढचं मी सांगत नाही. मध्येच तुटली तर तुटली."

तू माझ्याकडे बघितलंस. डेनिसचा आवाज त्याच्या माणसांना द्यायचा तर वहिनींचा आवाज पणाला लावायचा, इतका साधा हिशेब होता. आणि कपाटात ठेवून द्यायची, तर ती भुकटी तिथेही सुटतच राहणार होती.

"लाव," तू म्हणालास.

हेडफोन एकच होता. बापूने तो तुला दिला. मला काही ऐकू येत नव्हतं, मी मशिनवरचे काटे बघत होतो. बराच वेळ ते एका जागी थरथरत राहिले. मग एकदम वर उसळले, तुझे डोळे मिटले, आणि ओठांवर थोडं हसू आलं. मला कळलं, वहिनी. मग काटे पुन्हा जोरात उसळले. तू हेडफोन ओढून काढलास, टेबलावर ठेवलास आणि उठून बाहेर गेलास. मी उठलो नाही, वाटलं तुला एकट्याला बसू द्यावं. मशिन चालू होतं. काटे क्षणभर खाली पडून राहिले आणि मग असे वर गेले की लाल रेष ओलांडून पुढे टेकले. "फाटतंय," म्हणत बापूने बटणाकडे हात नेला. मला वाटलं, पत्र्यांवरचे घाव असतील.

कॅसेट शेवटपर्यंत वाजली. उलटी गुंडाळताना तुटली. सीडीवर सगळं उतरलं होतं.

बाहेर तू पायरीवर बसला होतास. चहा घेताना म्हणालास, "मधला भाग कापायचा. मगच पाठवायची."

इथून आपला वाद सुरू झाला आणि तो गंगापूर रोडच्या आपल्या फेऱ्यांमध्ये महिनाभर चालला.

"जन्मभर लोकांच्या मजकुराला कात्री लावलीस," तू म्हणायचास, "आणि इथे तुझा हात का अडतो?"

"तिथे जागा नसते म्हणून कापतो. इथे जागा आहे."

"तिकडचे लोक हसतील तिला."

"हसू देत की. वहिनी उखाणे हसवायलाच करायच्या."

"तुला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तुला माहीत नाही, संपादक," एवढंच तू पुन्हा म्हणायचास आणि चालण्याचा वेग वाढवायचास. मी ते दुःखाच्या खात्यात टाकलं. शब्दशः घ्यायला हवं होतं.

दुसऱ्याही एका गोष्टीवर तू अडून होतास. कॅरलने आभाराच्या यादीत तुझ्या नावाचं स्पेलिंग कसं करायचं ते विचारलं होतं. तू नको म्हणालास. "मी सोल्डरिंग केलं. सोल्डरिंगवर कुणी नाव घालतं का?" मी म्हटलं, पंचवीस वर्षं सांभाळल्यास त्या कॅसेटी. तू म्हणालास, सांभाळल्या असत्या तर पाचवी अशी झाली नसती.

त्यावर दुसऱ्या दिवशी बोलू, असं म्हणून आपण सातपूरच्या रिक्षात बसलो. ते बोलणं झालं नाही. तू मुग्धाकडे पुण्याला गेलास, आणि नंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मुग्धाने तुझं कपाट उघडलं. सीडी साडीच्या त्याच तुकड्यात होती, पुड्यांसकट. सीडीला ओल लागत नाही हे तुला माहीत होतं.

"काका, कॅरलबाईंचा मेल आलाय. पाचवी कधी पाठवताय विचारतात. बाबांनी काय ठरवलं होतं?"

मी खरं सांगितलं. मधला भाग कापायचा.

"कापण्याआधी मी एकदा ऐकू?"

तिने सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. आधी बराच वेळ घरघर, पत्रा, ड्रिल. मग डेनिस. त्याच्या एका शब्दाच्या मधोमध खट्ट झालं आणि खोलीत बायका शिरल्या. बांगड्या, वाट्या, चारजणी एकदम बोलताहेत. "घे गं, नाव घे!" "आता आढेवेढे नकोत!" मग वहिनींनी घसा साफ केला. मुग्धाने माझा हात धरला.

"घरभर वायरी, पलंगाखाली तार,
अविनाशरावांच्या पेटीला सूर नाहीत चार."

हशा झाला. त्यात दार उघडल्याचा आवाज. आणि मग तू. मी तुला इतकी वर्षं ओळखत होतो, तो आवाज मी तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"सुलभा! बंद कर ते! अक्कल आहे का?"

पाठोपाठ दार आपटलं. खोली एकदम गप्प झाली.

तेव्हा मला कळलं की स्टुडिओत तू हेडफोन कुठे काढलास. तिकडचे लोक हसतील म्हणून तू कापायला सांगत नव्हतास. चार बायकांत, हळदीकुंकवाच्या दिवशी, तू तिच्यावर ओरडला होतास, आणि तिच्या आवाजाची जी एकमेव खूण उरली होती तिला तुझं ते ओरडणं चिकटलेलं होतं. मला माहीत नव्हतं, हे तू बरोबर सांगत होतास.

पण अविनाश, टेप तिथे थांबलेली नाही.

गप्प झालेल्या खोलीत कुणीतरी वाटी खाली ठेवली. आणि मग एक खणखणीत आवाज. मुग्धाने लगेच ओळखला, समोरच्या घरातल्या चांदवडच्या मावशी.

"आगं बया! ऐकलं का? भाऊजींनी बिनउखाण्याचंच नाव घेतलं की!"

त्यानंतरचं हसणं उखाण्यानंतरच्या हसण्यापेक्षा मोठं आहे. बायका हसताहेत, कुणाला तरी ठसका लागला आहे, मावशी "लय भारी, लय भारी" म्हणताहेत. आणि त्या सगळ्यांच्या वर, माइकच्या अगदी जवळ, वहिनी. हसून हसून त्यांना धड बोलता येत नाही. बंद दाराकडे तोंड करून त्या ओरडताहेत, "अहो, परत या! पुन्हा घ्या नाव, टेप व्हायचं राहिलं असेल!"

खट्ट. आणि डेनिस पुढच्या ओळीवर गातो आहे.

मुग्धा हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. "बाबांनी आईला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली," ती म्हणाली. "आणि तीही अशी." मग तिने तो भाग पुन्हा लावला. तिची मुलगी आतून धावत आली आणि कोण हसतंय म्हणून विचारायला लागली.

आम्ही काही कापलं नाही. त्याच दिवशी पाठवून दिलं. सोबत कॅरलला मजकूर लिहायला बसलो तेव्हा "नाव घेणं" म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना दोघेही अडलो. शेवटी मुग्धाने साधंच लिहिलं की आमच्याकडे बायको वर्षभर नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि घेते तेव्हा सगळे ऐकायला जमतात. कॅरलचं उत्तर आलं. तिने लिहिलं की डेनिस असता तर हाच तुकडा त्याने सर्वांत आधी ठेवला असता, आणि त्याला अजून नाव नाही, तुम्ही सुचवा. मुग्धा विचार करते आहे.

तुझं नाव कुठेही छापायचं नाही, हे तुझं म्हणणं पाळलं आहे. कव्हरवर ते असणार नाही. टेपवर मात्र वहिनींनी ते घेतलं आहे, आणि तो मजकूर माझ्या टेबलावरचा नाही. तिथे माझी कात्री चालत नाही.

वाद मी जिंकलो, असं म्हणायला तू समोर हवा होतास. ते राहिलंच. पण एक दुरुस्ती तुझ्यापर्यंत पोचवायची होती, आणि ती एवढीच की बापूच्या स्टुडिओत काटा लाल रेष ओलांडून गेला, तेव्हा तू बाहेर पायरीवर बसला होतास. मला ते पत्र्यावरचे घाव वाटले होते. त्या वहिनी होत्या. हसत होत्या, आणि तुला परत बोलावत होत्या.